काठाकाठाने लोणार

आमच्या लहानपणी लोणार सरोवराची सहल म्हणजे दिवसभराची पायपीट. मेहकरहून सकाळची लाल एसटी पकडायची, फडक्यात भाकरी, ठेचा नि कांदा बांधून घ्यायचा आणि दिवेलागणीला घरी परतायचं. आता समृद्धी महामार्ग मेहकरजवळून जातो. दूरदूरची माणसं गाडीने येतात, कड्यावर उभी राहून फोटो काढतात आणि अर्ध्या तासात सिंदखेडराजाकडे नाहीतर शेगावकडे वळतात. रस्ते झाले, सोय झाली, याचा आनंदच आहे. पण लोणार वरून नुसतं दिसतं. ते कळायचं असेल तर खाली उतरून काठाने चालावं लागतं.

सहलीची सुरुवात गावातल्या दैत्यसूदन मंदिरापासून व्हायची. गुरुजी आम्हांला सभामंडपात बसवत, छताकडे बोट दाखवत आणि लवणासुराची गोष्ट सांगत. जमिनीखालच्या विवरात लपलेला दैत्य, त्याच्या बहिणींकडून ठिकाणा काढून घेणारा विष्णू, पायाच्या अंगठ्याने उडवलेलं विवराचं झाकण. माना अवघडायच्या, पण दगडातल्या त्या आकृत्या हलू लागायच्या. आज तिथले वाटाडे चालुक्यांचा काळ समजावतात, मंदिराचा तारकाकृती तलविन्यास दाखवतात. आम्हांला यातलं काही कोणी सांगितलं नव्हतं. आता प्रत्येक कोनाड्यापाशी थांबावंसं वाटतं. मात्र बरोबरच्या मुलांना आधी मी गोष्टच सांगते. गोष्ट ऐकलेलं पोर छत नीट बघतं.

तिथून धारेवर. गोमुखातून बारा महिने पडणारं ते गोडं पाणी म्हणजे आमच्या माय-मावशींचं तीर्थ. आधी स्नान, मग देवदर्शन. बायका तिथेच लुगडी पिळायच्या, पायऱ्यांवर वाळत घालायच्या. त्या गजबजाटाची आठवण अजून सुखावते. पण साबणाचं ते पाणी शेवटी सरोवरात उतरत होतं, हे तेव्हा कुणाच्या मनातही आलं नाही. आता अंघोळी-धुण्याला आडकाठी आहे, आणि ती हवीच.

धारेवरून खाली उतरताना उतारावर तेव्हा केळीच्या, पपईच्या बागा लागायच्या. शेतं होती, गुरं चरायची. 2000 साली हा परिसर अभयारण्य झाला. न्यायालयाच्या आदेशांनी अतिक्रमणं हटली आणि झाडी वाढली. आज त्याच वाटेवर मोरांची केका ऐकू येते, माकडं फांद्या हलवत पुढे पळतात. केळीच्या पानावर खाल्लेलं जेवण आठवतं खरं, पण ही सावली मला अधिक मोलाची वाटते.

काठावर पोचलो की गुरुजी एक प्रयोग करायचे. पुडीतली चिमूटभर हळद एखाद्या मुलीच्या तळव्यावर ठेवायची आणि सरोवराचं हिरवट पाणी ओंजळीने तिच्यावर सोडायचं. बघता बघता पिवळ्याचं लाल व्हायचं. ‘कुंकू झालं!’ म्हणून सगळी पोरं ओरडायची. पाणी इतकं अल्कधर्मी की त्याचा सामू दहाच्या आसपास जातो, हे पुढे कॉलेजात कळलं. त्या काठावरून एके काळी खार काढला जाई, हेही नंतर वाचलं. आज अभयारण्यातल्या पाण्याशी असे खेळ करू नयेत हे मला पटतं. पण कड्यावर पाटी वाचणाऱ्या मुलाला तो लाल तळवा कसा दाखवायचा?

सरोवराचं कोडंही हळूहळू उलगडत गेलं. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने या विवराची नोंद केली. ते ज्वालामुखीचं की उल्केचं, हा वाद पुढे कितीतरी वर्षं चालला. 1973 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आलेल्या संशोधनाने उल्काघाताची बाजू पक्की केली. जवळजवळ 1.8 किलोमीटर व्यासाचं हे विवर थेट बसाल्टमध्ये कोरलं गेलं आहे, आणि अशी विवरं पृथ्वीवर फार थोडी. वयाबाबत मात्र मतभेद आहेत. एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षं येतं, दुसरीने पाच लाख सत्तर हजारांच्या घरात.

2020 च्या जूनमध्ये पाणी गुलाबी झालं. पाणी घटून खारटपणा वाढला आणि मीठ मानवणारे सूक्ष्मजीव फोफावले, असं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीत दिसलं. त्याच वर्षी सरोवराला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, म्हणजे रामसर दर्जा मिळाला. त्यानंतर पातळी उलट वाढत गेली. ज्या काठाने आम्ही रामगया मंदिरावरून कमळजा देवीच्या देवळापर्यंत निवांत चालत गेलो, तिथे पाणी वर सरकलं आहे. कमळजेच्या अंगणात नवरात्राची जत्रा भरायची, बायका सासू-सुनेच्या विहिरीत डोकावून गोडं-खारं पाणी ताडून बघायच्या. त्या काळ्या दगडी मंदिराची काळजी आता पावसाळ्यागणिक वाटते.

तेव्हा लोणार आमचं होतं, म्हणून आम्ही ते वापरलं, थोडं नासवलंही. आता ते जगाचं आहे, म्हणून जपलं जातंय. मला दोन्ही हवं आहे. प्लास्टिक, साबण, गर्दी खाली नको. पण जाणत्या वाटाड्याबरोबर, थोड्या थोड्या मुलांना, जिथवर पाऊलवाट मोकळी आहे तिथवर काठाने चालू द्यावं. जवळच्या प्रत्येक शाळेने वर्षातून एक सकाळ त्यासाठी राखावी. ज्या मुलांनी हे देऊळ, ही धार, हा काठ पायी पाहिला, तीच उद्या मोठी होऊन त्यासाठी भांडतील. सरोवराला आज अशा भांडणाऱ्यांची गरज आहे.