साच्यातली घरे आणि आपले संसार

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, टी.व्ही. सेंटरच्या बाजूने हडकोच्या गल्ल्यांत शिरले की नवख्या माणसाची हमखास फसगत होते. एका नकाशाची, एका मापाची घरे. भिंतीला भिंत लागलेली. आमच्या घरी पहिल्यांदा आलेले पाहुणे शेजारच्या घरात चप्पल काढून, पाणी पिऊन मग उठले होते. आता तसे होत नाही. कुणी वर मजला चढवला, कुणी पुढे लोखंडी जाळी लावली, कुणी फरशी बदलली. तरी नीट पाहिले तर प्रत्येक घरात तो जुना साचा दिसतो.

चिकलठाण्याला औद्योगिक वसाहत झाली, कारखाने आले. खेड्यापाड्यांतून माणसे शहरात आली. पण राहायचे कुठे? 1970 साली स्थापन झालेल्या सिडकोकडे त्याच दशकात औरंगाबादच्या नव्या वसाहतीचे काम आले. एन-1, एन-2 असे विभाग पडले. लहान लहान घरे हप्त्याने मिळू लागली. 2006 साली या वसाहतीची देखभाल महानगरपालिकेकडे गेली.

आमच्या वडिलांना इथले घर मिळाले तेव्हा त्यांनी सर्वांत आधी पत्ता वाचला. गावाकडच्या पत्त्यात आमचा वाडा कोणता ते लिहावे लागे, आणि वाड्याच्या नावावरून जात कळे. इथे फक्त विभाग आणि घराचा नंबर होता. वडील तो कागद खिशात घेऊन चार दिवस हिंडले, असे आई अजून सांगते.

घर थकले

त्या घराला आता चाळीस वर्षे होत आली. आमचे घर विटांचे, जागेवर बांधलेले. चौकटी आणि हवेच्या जाळ्या मात्र सिमेंटच्या, साच्यातून काढून आणून बसवलेल्या. खाली शहाबादी फरशी. संसार वाढला तसे आम्हीच घराचे हाल केले. मागचे उघडे अंगण पत्रे टाकून बंद केले. त्यात स्वयंपाकघर सरकवले. गच्चीवर पाण्याची मोठी टाकी ठेवली, ती नेमकी खोलीच्या मध्यावर. मागच्या पावसाळ्यात छताचे पोपडे आईच्या अंथरुणावर पडले. पोपड्यामागची सळई गंजून फुगली होती.

आमच्या मुलाने सिव्हिलचा डिप्लोमा केला आहे. तो म्हणाला, "पाडून टाकू. कर्ज काढून तीन मजले करू. दोन भाड्याने देऊ. तुमच्या म्हातारपणाची सोय होईल."

हिशेब चुकीचा नव्हता. फंडाचे पैसे आले होते. पण आई म्हणाली, "पाडायच्या आधी एकदा किल्लारीकडं जाऊन या. माझ्या बहिणीचं घर बघून या. मग काय करायचं ते करा."

किल्लारीच्या वाटेवर

सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही तिघे आईला घेऊन एस.टी.ने निघालो. गेवराई, बीड, मांजरसुंबा, केज, अंबाजोगाई, लातूर, आणि पुढे औसा. सोयाबीन काढणीला आले होते. आई खिडकीबाहेर पाहत गप्प बसली होती.

30 सप्टेंबर 1993 ची पहाट. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेले. चारच्या सुमारास जमीन हादरली. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात सुमारे 8 हजार माणसे गेली. तोवर हा भाग भूकंपाच्या नकाशावर सर्वांत कमी धोक्याचा समजला जाई. माणसे मेली ती बहुतेक घराखाली. दोन-दोन हात जाडीच्या दगड-मातीच्या भिंती, वर माळवदाची जड माती. भिंतीचे दगड एकमेकांत नीट गुंतलेले नव्हते. हादरा बसताच भिंती फुटल्या आणि छत खाली आले.

मावशीचे घर कुडाचे होते. ते एका बाजूला कलले, पण पडले नाही. मावशी सांगत होती, "ज्यांचे वाडे मोठे, त्यांच्या घरी रडायला माणूस उरलं नाही. आमचं दारिद्र्य त्या रात्री कामाला आलं बघ."

भूकंपानंतर 52 गावे नव्या जागी वसवली गेली. 25 हजारांहून अधिक घरे उभी राहिली. घराचे माप जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि एक हेक्टरपेक्षा कमी जमीनवाल्यांना 250 चौरस फूट, त्यावर सात हेक्टरपर्यंत 400, त्याहून अधिक असेल त्यांना 750. मावशीला जमीन नव्हती. तिला 250 चौरस फुटांचे घर मिळाले. घरे पक्की सर्वांनाच मिळाली, पण जुन्या गावची पायरी नव्या गावातही मोजून घातली गेली, हे लक्षात आल्यावाचून राहत नाही.

तुकड्यांचे घर

घाई होती म्हणून काही गावांत तयार घरांची पद्धत वापरली गेली. सिमेंट-काँक्रीटच्या भिंतींचे तुकडे आधी साच्यात ओतायचे, पाणी मारून पक्के करायचे, मग जागेवर उभे करून जोडायचे. मावशीचे घर असे जोडलेले. किल्लारीजवळच्या गुबाळ गावात तर घुमटाच्या आकाराची गोल घरे बांधली गेली. गोल भिंतीला कपाट चिकटत नाही, कोपरा नाही तर मडक्यांची उतरंड कुठे लावायची? लोकांनी पुढे त्या घरांना लागून चौकोनी खोल्या काढल्या.

असा प्रयोग आपल्याकडे नवा नव्हता. फाळणीनंतर निर्वासितांना घरे हवी होती म्हणून दिल्लीत सरकारने घरांचा कारखानाच काढला होता. त्यातून निघालेल्या भिंतींच्या तुकड्यांना तडे जाऊ लागले आणि ते काम लवकरच थांबवावे लागले. इंग्लंडात दुसऱ्या महायुद्धानंतर बॉम्बने बेघर झालेल्यांसाठी दीड लाखांवर तयार घरे उभी केली गेली. ती दहा-पंधरा वर्षांपुरती होती. पण राहणाऱ्या कामगार कुटुंबांनी त्यांना इतके जपले की काही घरांत पन्नास वर्षांनंतरही माणसे नांदत होती.

मावशीने घर कसे जपले ते आम्ही पाहिले. पहिली दोन वर्षे ती त्या घरात झोपलीच नाही. काँक्रीटची भीती वाटे. भूकंपानंतर मिळालेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ती निजायची. मग पावसाळ्यात सांध्यांतून पाणी येऊ लागले. दर वर्षी सांधे सिमेंटने बुजवायचे, दर वर्षी पुन्हा फट पडायची. कारण उन्हाने भिंतीचा तुकडा किंचित फुगतो, थंडीने आकसतो. मधले कडक सिमेंट त्याला साथ देत नाही, ते फुटते.

मावशीचा धाकटा मुलगा गवंडी आहे. त्याने सांधा खरवडून साफ केला, त्यात रबरासारखे ताणले जाणारे सीलंट भरले, वरून जाळीची पट्टी लावून गिलावा केला. तेव्हापासून पाणी बंद. उन्हाळ्यात छत तापे म्हणून गच्चीला पांढरा चुना दिला आणि कडक उन्हाच्या दिवसांत वर तुराट्या पसरल्या. पुढे ओसरी काढली. जुन्या शेडचे पत्रे तिच्यावर घातले. पण ओसरीचा भार भिंतीवर टाकला नाही, तिला स्वतंत्र खांब दिले.

आमच्या मुलाने विचारले, "भिंतीला अँकर मारून का नाही लटकवली? खर्च वाचला असता."

गवंडी भाऊ त्याला गल्लीच्या टोकाला घेऊन गेला. तिथे एकाने मोटारसायकल आत घेता यावी म्हणून भिंतीचा तुकडा कापून दार रुंद केले होते. वरच्या तुकड्याला आडवी भेग गेली होती आणि खाली लोखंडी टेकू लावला होता. "विटांच्या भिंतीत दार फोडताना वर लिंटल देता येतो," तो म्हणाला. "इथं भिंत हाच खांब हाय. कापला की संपलं."

मुलगा त्या भेगेकडे बराच वेळ पाहत राहिला.

परतताना मावशीने आणखी एक गोष्ट सांगितली. जी गावे हलवली नाहीत, तिथल्या सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि बळकटी सरकारी योजनेतून झाली, तेव्हा गावोगावच्या महिला मंडळांतील बायका संवाद सहायक म्हणून पुढे आल्या. सिमेंट किती आले, सळई कुठे गेली, हे त्या विचारू लागल्या. दगडी भिंतीत आरपार जाणारा दगड का बसवायचा, ते त्या पुरुषांना समजावून सांगत. घर बायकांच्या हाती असते, मग घराचे गणित त्यांना का कळू नये?

आमच्या घराचे काय झाले

परत आल्यावर मुलाने स्वतःच एका जाणकार अभियंत्याला आणले. त्यांनी पाया उकरून पाहिला, छत ठोकून पाहिले. आमच्या घराला खांब नाहीत, भार सगळा भिंतींवर. दोन्ही बाजूंच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईक. तीन मजले करायचे तर पायापासून नवे काम हवे, आणि पाडताना शेजारच्या घरांना धोका. कर्जाचा आकडाही आम्ही धरला होता त्याच्या पुष्कळ पुढे गेला.

आम्ही घर दुरुस्त करायचे ठरवले. मुलाने कामावर उभे राहून करून घेतले. छताचे फुगलेले पोपडे काढून गंजलेली सळई तारेच्या ब्रशने घासली, तिला गंज रोखणारा लेप दिला, मग गिलावा. गच्चीवरचा फुटका कोबा आणि मातीच्या कुंड्या उतरवल्या, उतार नीट काढला. टाकी खोलीच्या मध्यावरून हलवून भिंतीच्या डोक्यावर घेतली. जुन्या बारीक वायरी बदलल्या, कारण त्या बल्ब आणि पंख्यापुरत्या होत्या, आता फ्रिज, कूलर, धुण्याचे यंत्र चालते. अर्थिंग नव्याने केले. मागचे अंगण अर्धे पुन्हा मोकळे केले. चाळीस वर्षांपूर्वी नकाशा काढणाऱ्याने ते उगाच ठेवले नव्हते, हे तेव्हा कळले. स्वयंपाकघरात दिवसा दिवा लावावा लागत नाही. आईसाठी संडासात कमोड आणि धरायला कडी बसवली. मुलीच्या अभ्यासाला खिडकीखाली फळी केली. ती नर्सिंगची तयारी करते आहे.

सगळेच साधले असे नाही. भाड्याचे उत्पन्न गेले. उद्या मुलाचे लग्न झाले की जागा अपुरी पडणार, हेही खरे. पण डोक्यावर कर्ज नाही आणि फंडाचे निम्मे पैसे शिल्लक आहेत.

वाचकांसाठी चार शब्द

आपल्यापैकी अनेक कुटुंबे अशाच साच्यातल्या घरांत राहतात. वसाहतीत, पुनर्वसनाच्या गावात, कारखान्याच्या चाळीत. त्यांना आमचे सांगणे एवढेच:

मे महिन्यात एकदा गच्चीवर चढा. पाणी जायच्या वाटा साफ करा, भेगा पाहा.

छत ठोकून पाहा. पोकळ आवाज आला तर नुसता रंग देऊन झाकू नका, आत सळई गंजत असते.

भिंत फोडण्याआधी तिच्यावर भार आहे का, हे जाणकाराला विचारा. त्याची फी ही वाया गेलेली रक्कम नाही.

जुने सिमेंटचे पत्रे असतील तर ते फोडू किंवा कापू नका. बहुतेकांत अ‍ॅस्बेस्टॉस असते आणि त्याची धूळ फुफ्फुसाला घातक. ओले करून, बारीक धूळ रोखणारा मास्क लावून (नुसते फडके पुरत नाही), अख्खेच उतरवा. मुलांना जवळ येऊ देऊ नका.

सामाईक भिंतीचे काम शेजाऱ्याला सांगूनच काढा. घर एकट्याचे असले तरी भिंत दोघांची असते.

डिसेंबरात मावशी आमच्याकडे आली. जयभीम झाला, चहा झाला. मग ती उठली आणि आईच्या खाटेजवळची भिंत, मग दाराशेजारची, असे करत सगळ्या भिंती बोटाच्या पेराने ठोकून आली. आई तिच्याकडे पाहत होती.

"भरीव हाय," मावशी म्हणाली, आणि त्या रात्री ती आईशेजारी छताखाली झोपली.