सैल सोडण्याचे कौशल्य

माघ पौर्णिमेच्या सुमारास सालेकसा तालुक्यात कचारगडची यात्रा भरते. पारी कुपार लिंगो आणि माता कली कंकाली यांच्या दर्शनासाठी गोंडी भाविक अनेक राज्यांतून येतात, दरेकसा आणि धनेगावच्या वाटेने डोंगरातील गुहेकडे चढतात. त्यानंतरचे दोन-तीन आठवडे माझ्यासारख्या या भागातील डॉक्टरकडे गुडघे आणि कंबर यांच्याच तक्रारी असतात. त्यांवर औषध देता येते. ज्यांना यंदा डोंगर चढता आला नाही, जाळे फेकता आले नाही किंवा स्वतःच्या हाताने जेवताही आले नाही, त्यांची तक्रार अधिक अवघड असते. आपण आता कोणाच्या उपयोगाचे राहिलो नाही, असे त्यांच्या मनाने घेतलेले असते.

गोंदिया हा तलावांचा जिल्हा. येथील ढिवर समाजाच्या कित्येक पिढ्या पाण्यावर जगल्या. त्यांपैकी सत्तरीतील एक गृहस्थ पक्षाघातानंतर माझ्याकडे येत असत. उजव्या हाताची मूठ मिटे, पण उघडत नसे. घरचे लोक प्रेमळ होते. घास भरवणे, गुंड्या लावणे, पाणी पाजणे असे सारे ते करीत, आणि त्यामुळेच तो हात दिवसभर मांडीवर निपचित पडून असे. एकदा सूनबाई थोड्या संकोचाने म्हणाल्या, “डाक्टरसाहेब, मामाजी नातवाच्या मोबाइलवर मासे पकडत बसतात. बंद करू का?”

मी तो खेळ पाहायला मागितला. पडद्यावर तलाव, गळ आणि बाजूला एक रंगीत पट्टी होती. मासा गळाला लागला की बटण दाबून दोरी गुंडाळायची. ताण वाढला की पट्टी हिरव्याची पिवळी आणि मग लाल होते. लाल झाल्यावरही दाबून धरले, तर तंगूस तुटते आणि मासा जातो. म्हणून वेळीच बोट उचलावे लागते. आजोबांनी मला एका वाक्यात समजावले, “आधी त्याले थकू द्या लागते.”

खऱ्या रिळाचे तत्त्वही हेच. रिळात घर्षणाच्या चकत्या असतात. त्या किती आवळायच्या, हे ज्या योजनेने ठरते तिला ड्रॅग म्हणतात. ठरलेल्यापेक्षा अधिक ओढ बसली की रीळ स्वतःहून दोरी सोडते. दोरी जितके वजन पेलते त्याच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका ड्रॅग ठेवावा, असा जाणत्यांचा ठोकताळा आहे. म्हणजे सहा किलोच्या तंगुसाला दीड ते दोन किलो. उरलेली ताकद अचानक बसणाऱ्या हिसक्यांसाठी राखून ठेवायची. ‘फिशिंग प्लॅनेट’सारख्या खेळांत असा ड्रॅग खेळणाऱ्याला कमी-जास्त करता येतो.

यातील एक बारकावा मला फार मोलाचा वाटला. मासा दूर पळतो तसे रिळावरील दोरीचे वेढे कमी होतात. वेढ्यांची त्रिज्या निम्मी झाली, तर ड्रॅग तितकाच ठेवूनही दोरीवरचा ताण दुप्पट होतो. म्हणून मुरलेला मासेमार अशा वेळी ड्रॅग आणखी सैल करतो. वृद्ध शरीराचेही असेच आहे. सकाळी सहज जमणारा व्यायाम संध्याकाळी, शक्तीचे वेढे उतरल्यावर, जड होतो. वेळापत्रकात व्यायाम तोच असला, तरी शरीरावरचा ताण तोच नसतो.

पक्षाघातानंतर अनेकांच्या हातात ताठरपणा येतो. बोटे मिटवणारे स्नायू आखडतात आणि उघडणारे दुबळे राहतात. अशा वेळी कुटुंबीय बहुधा रबरी चेंडू आणून देतात आणि “जोरात दाबा” म्हणतात. ज्याची मूठ आधीच आवळलेली आहे, त्याने आधी शिकायचे असते ते सोडणे. या खेळात दर काही सेकंदांनी बोट उचलावेच लागते, आणि उशीर झाला तर पट्टी लगेच सांगते. आजोबांच्या हाताला नेमका तोच सराव हवा होता.

तरीही मोबाइल म्हणजे औषध, असे कोणी समजू नये. पक्षाघाताच्या 141 रुग्णांवरील ‘एव्हरेस्ट’ नावाचा अभ्यास 2016 मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला काहींना व्हिडिओ गेम दिले होते, तर काहींना पत्ते, चेंडू यांसारखे साधे खेळ. हाताच्या सुधारणेत व्हिडिओ गेम सरस ठरले नाहीत. ज्या घरी मोबाइल नाही, तिथे पत्ते पिसणे किंवा शेंगा सोलणे हाही चांगला सराव आहे. महत्त्व आवडीने आणि पुनःपुन्हा हात वापरण्याला आहे.

म्हणून मी सूनबाईंना खेळ बंद न करता त्याला शिस्त लावायला सांगितले. तीच शिस्त येथे देतो. मोबाइल हातात न धरता टेबलावर किंवा उशीवर तिरपा ठेवावा, मनगट आणि कोपर टेकलेले असावेत. एका वेळी दहा-पंधरा मिनिटे पुरेत, आणि तीही शक्यतो सकाळी. मासा ओढ देऊ लागला की अनेकजण नकळत श्वास रोखतात. रक्तदाबाच्या रुग्णांनी हे विशेष टाळावे. बोट उचलताना श्वास सोडण्याची सवय लावावी. अंगठ्याच्या मुळाशी दुखू लागले किंवा मुंग्या आल्या, तर खेळ थांबवावा. फिट येण्याचा इतिहास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे. खेळातील पैशांची खरेदी बंद करून ठेवावी. खेळताना अचानक तोंड वाकडे झाले, बोलणे अडखळले किंवा हात गळून पडला, तर वाट न पाहता 108 क्रमांकावर फोन करावा.

फिजिओथेरपी, घरचा व्यायाम आणि हा खेळ असे चार महिने चालल्यावर आजोबांना उजव्या हाताने पेला उचलून पुन्हा टेबलावर ठेवता येऊ लागला. पेला ठेवताना बोटे उघडावी लागतात. निरोगी माणसाला ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. त्यांच्या घरी मात्र त्या दिवशी सर्वजण जेवण थांबवून पाहत राहिले.

वृद्धांची सेवा करणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की आपल्या मदतीलाही ड्रॅग असतो. तो पूर्ण आवळला, तर माणूस सुरक्षित राहतो, पण त्याचा हात निकामी होत जातो. पूर्ण सोडला, तर तो पडतो. रोज एखादे काम त्यांच्याकडे राहू द्यावे. शर्टाची एक गुंडी, भाकरीचा एक तुकडा, पाण्याचा अर्धा पेला. त्याला वेळ लागेल, थोडे सांडेलही. तेवढा वेळ आपण आपला हात मागे ठेवावा.