डोंगा की नाव?
वैनगंगेच्या घाटावरून

ऑक्टोबर आला की आमच्या घरी चंद्रपूरची तयारी सुरू होते. नागपूरच्या दीक्षेनंतर दोनच दिवसांनी, १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, बाबासाहेबांनी चंद्रपूरला धम्मदीक्षा दिली. त्या भूमीवर दरवर्षी माथा टेकवायचा, हा आमचा शिरस्ता.

२०२४ साली जाताना चामोर्शी तालुक्यात नातलगांकडे मुक्काम पडला. तेथून चंद्रपूर जिल्हा म्हणजे वैनगंगेचा पलीकडचा काठ. पुलाने जायचे तर फेरा पडणार होता. तेव्हा नदीच ओलांडू, असे ठरवून आम्ही सकाळीच घाटावर गेलो. सोबत म्हातारी माय, दोन लेकरे आणि शिदोरीच्या पिशव्या.

काठाला एक डोंगा लागलेला होता. एकाच खोडाचा कोरलेला, लांब पण अरुंद. आत जाळे पडलेले. मोठी नाव पलीकडे गेलेली. दोन डोंगे शेजारी-शेजारी बांधून वर फळ्या ठोकलेली ती नाव परत यायला तासभर तरी लागणार होता. आमचा धाकटा भाऊ म्हणाला, "डोंग्यानेच जाऊ. दोन खेपांत सगळे पार."

जाळे झटकणारे ढिवर काका हसले. "भाऊ, डोंगा मासोळीसाठी हाये. लेकरंबाळं घेऊन नावेत बसा."

मग त्यांनीच समजावले. जाळे टाकायला डोंग्यासारखे साधन नाही. उथळ पाण्यात चालतो, रेतीच्या पट्ट्यावरून एकटा माणूस ओढून नेतो. पण त्यात खाली बसावे लागते, आणि तोल सांभाळणारा एकच, तो म्हणजे चालवणारा. एखादे लेकरू घाबरून उठले की काठ पाण्याला लागतो. जोडलेली नाव रुंद असल्याने सहजी कलत नाही. मात्र ती जड, तिला खोल पाणी लागते, रेटायला दोन माणसे हवीत. शिवाय मोठी आहे म्हणून लोक तिच्यात दाटीवाटीने चढतात. मग तीही डोंग्याइतकीच धोक्याची.

माय इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, "गणपूरच्या बाया विसरले का?"

आम्ही विसरलो नव्हतो. त्याच वर्षी २३ जानेवारीला चामोर्शी तालुक्यातील गणपूरच्या महिला मिरची तोडायला वैनगंगा ओलांडत होत्या. नाव उलटली आणि सहा जणी बुडाल्या. आम्हाला निदान वाट पाहण्याची सवड होती. रोजीवर जाणाऱ्या बाईला ती कुठली? उशीर झाला की दिवसाची मजुरी बुडते. म्हणून समोर जे तरंगते त्यात ती बसते.

आम्ही थांबलो. नाव आली ती भरूनच निघाली. आम्ही तीही सोडली आणि पुढच्या खेपेला बसलो. दुपार कलताना दीक्षाभूमीवर पोचलो. उशीर झाला, पण सगळे पोचलो.

तथागतांनी धम्माला तराफ्याची उपमा दिली आहे. तराफा पार जाण्यासाठी असतो, डोक्यावर मिरवण्यासाठी नव्हे. आम्हाला त्या दिवशी घाटावर त्याचा आणखी एक अर्थ लागला. साधन लहान की मोठे, यापेक्षा ते कोणत्या कामाचे, हे आधी पाहावे. आपले धाडस मिरवायला लेकरांना डोंग्यात बसवू नये.

घाटावर जाणाऱ्या कुटुंबांनी एवढे तरी पाळावे. नावाड्याचे ऐकावे. माणसे मोजूनच चढावे, बसल्यावर उठू नये. धरणाचे पाणी सोडल्याची दवंडी असेल तर परत फिरावे. आणि ग्रामसभेत उठून मागावे: मजूर बायांच्या घाटावर भक्कम नाव हवी, प्रत्येकीला तरंगते जाकीट हवे आणि जमेल तेथे पूल हवा. पाण्यासाठी महाडला लढलेल्या समाजाने पाण्यावरची सुरक्षितताही हक्काने मागितली पाहिजे.