बाबांची आरती आणि मुका लॅपटॉप

चतुर्थीला चार दिवस उरले होते. बाबांच्या आवाजातल्या आरत्यांची एकच कॅसेट आमच्याकडे आहे; भाच्याने ती संगणकावर उतरवून दिली. आईला ती ऐकवायला बसलो आणि नेमका लॅपटॉप मुका!

जुन्या यंत्राला नवे विंडोज पेलेना म्हणून भाच्यानेच त्यात लिनक्स घातले होते. मी कलाशाखेचा, त्यात सरकारी कारकून. हेडफोन लावला की बाबा स्पष्ट गात होते, काढला की शांतता. म्हणजे साउंड कार्ड सापडले होते, ड्रायव्हरही चालू होता; अडले होते ते स्पीकरच्या दाराशी. पण हा विचार सुचण्याआधीच मी आवाजाची पट्टी १५० टक्क्यांवर नेली होती. बहिऱ्यापुढे ओरडावे तशी.

"मामा, आधी ती पट्टी खाली घे!" भाचा फोनवर किंचाळला.

त्याचे खरेच होते. शंभरच्या वर गेले की ध्वनिलहरींचे माथे छाटले जातात, स्पीकरमधली बारीक तारेची गुंडाळी तापते, पडदा मर्यादेबाहेर हलतो. अशा वेळी बंद स्पीकर एकदम उघडला, तर घुमटाचा पहिलाच ठोका त्याच्या छाताडावर! अ‍ॅपलच्या नव्या लॅपटॉपांवर लिनक्स आणणाऱ्या असाही प्रकल्पातल्या मंडळींनी तर याच भीतीने स्पीकर बरेच दिवस बंदच ठेवले होते. गुंडाळीच्या तापमानाचा अंदाज घेऊन आवाज आवरणारा प्रोग्राम तयार झाल्यावरच ते उघडले.

पट्टी २० वर आणली. टर्मिनलमध्ये अल्सामिक्सर उघडला. आधी एकच खांब दिसला. एफ ६ दाबून खरे साउंड कार्ड निवडल्यावर मास्टर, हेडफोन, स्पीकर अशी रांग आली. स्पीकरखाली 'एमएम', म्हणजे तोंड बंद. एम दाबले, 'ओओ' झाले. बस्स! (आमच्या ऑफिसात महिनोन्‌महिने अडलेल्या फाइलीचे कारणही बहुधा असेच एका अक्षराचे असते. असो.) नेटवर ड्रायव्हरच्या फाइली बदलायचे नाना उपाय सापडतात, त्यांच्या वाटेला जाण्यापूर्वी एवढे पाहावे.

बाबांचा आवाज हळूहळू ४० पर्यंत वाढवला. आई डोळे मिटून ऐकत होती. मध्येच म्हणाली, "आनी घुमट खंय रे?"

इवल्याशा स्पीकरातून तो खोल ठोका निघत नाही, हे तिला कसे सांगावे? मी पट्टीकडे हात नेला आणि मागे घेतला. तोवर तिनेच टेबलावर बोटांनी ठेका धरला होता.