मेल परत आलेली बरी

ई-मेलच्या 'प्रेषक' रकान्यात कोणीही कोणाचंही नाव लिहू शकतो, हे सांगितलं तरी लोकांना खरं वाटत नाही. १९८२ साली एसएमटीपीचे नियम ठरले तेव्हा नेटवर होती मोजकी विद्यापीठं आणि सरकारी खाती. सही तपासायची गरज कोणाला वाटणार? पुढे काय झालं ते आपल्या स्पॅम फोल्डरला विचारा.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने ढिगाने मेल पाठवणाऱ्यांना ओळख पटवायला लावली. गूगलच्या हिशेबात ढीग म्हणजे जीमेलच्या खात्यांवर दिवसाला ५००० मेल. (एकदा हा आकडा गाठला की शिक्का कायमचा बरं का!) बाकीचे म्हणतात, आपण कुठे एवढे पाठवतो, सुटलो. पण तसं नाहीये.

परवा चिचगडहून आतेभावाचा फोन. चिचगड म्हणजे गोंदिया जिल्ह्यातलं, देवरी तालुक्यातलं आमचं गाव. पोरीच्या शिष्यवृत्तीची कागदपत्रं मागणारी मेल स्पॅममध्ये सापडली, मुदतीला एक दिवस उरलेला. "भाऊ, इकडचं नेट बरोबर नाही, म्हणून झालं का जी?"

नेटचा काय संबंध! म्हटलं, मेल फॉरवर्ड करू नको, मूळ संदेश उतरवून पाठव, म्हणजे हेडर दिसतील. तर मजा अशी, की एसपीएफ पास, डीकिमही पास. पण दोन्ही कोणाच्या नावावर? घाऊक मेल पाठवणाऱ्या कंपनीच्या. आणि प्रेषक म्हणून संस्थेचा जीमेलचा पत्ता. म्हणजे पाकिटावर शिक्का कुरिअरवाल्याचा आणि आत सही तिसऱ्याच घरची. दोहोंपैकी एक तरी नाव प्रेषकाच्या डोमेनशी जुळतंय का, एवढंच डीमार्क बघतं. इथे एकही जुळत नव्हतं. बाहेरून पाठवताना प्रेषक म्हणून जीमेलचा पत्ता लावू नका, हा गूगलचा नियम तर दोनशे मेल पाठवणाऱ्यालाही आहे.

कागदपत्रं त्याच रात्री गेली. बाकीच्या पोरांचं काय झालं असेल, देव जाणे.

उपाय महाग नाही. स्वतःचं डोमेन घ्यायचं, डीएनएसमध्ये एसपीएफ, डीकिम, डीमार्क यांच्या नोंदी टाकायच्या आणि मेल कंपनीला आपल्या डोमेनच्या नावाने सही करायला सांगायचं. डीमार्कचं धोरण सुरुवातीला 'काहीच करू नका' एवढं सौम्य ठेवलं तरी चालतं.

पण हे करायला हवं, हे संस्थेला कळणार कसं? स्पॅममध्ये पडलेली मेल पाठवणाऱ्याच्या लेखी 'पोहोचली' असते. कारकून बिचारा यादीवर टिकमार्क करून मोकळा. मायक्रोसॉफ्टने मे २०२५ पासून आउटलुकसाठी असेच नियम आणले, जीमेलने नोव्हेंबर २०२५ पासून मेल थेट नाकारायचं प्रमाण वाढवलं, तेव्हा बरीच ओरड झाली. मला मात्र ते बरं वाटलं. नाकारलेली मेल निदान परत येते, कारणासकट, आणि कोणाला तरी फोन उचलावा लागतो.