चौकची बोर

बोरीला फळ धरतं ते त्या वर्षीच्या कोवळ्या फुटीवर, पानांच्या बेचक्यात. जुनं लाकूड कितीही जाड झालं तरी स्वतः फळत नाही. म्हणून महाराष्ट्रात बोरीची छाटणी दरसाल चैत्र-वैशाखात करतात. तेव्हा पानं गळून झाड विसावलेलं असतं. चौकला हे मला आत्यानं शिकवलं.

लोक चौकला येतात ते धारावीचा किल्ला बघायला. 1739 साली वसईच्या मोहिमेत मराठ्यांनी तो पोर्तुगिजांकडून घेतला. खाडीपलीकडे वसई दिसते, धक्क्याला होड्या दिसतात. मला त्या गावात आधी आठवते ती मे महिन्यातली एक दुपार. पावसाळ्यात मासेमारी बंद व्हायची, म्हणून घराघरांत डोल जाळी आवरण्याची गडबड. बोंबील वाळवायच्या वलांड्या रिकाम्या होत आलेल्या. आणि त्या घाईत आत्या मात्र कोयता पाजळत परसात बसलेली. ती घाई करत नसे. बोरीभोवती एक फेरी मारून आधी नुसती बघायची. मग डोक्याला पदर घट्ट बांधून वाळकं लाकूड काढायची, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांतली एक उडवायची आणि मधला भाग मोकळा करायची. "उन्हाला आत येऊ दे," एवढंच म्हणायची. काटेरी शिरी जपून ठेवायची. पुढच्या हंगामात अंगणात वाळत टाकलेल्या जवळ्याभोवती कुत्र्यांना अडवायला तीच लागायची. हातांवर ओरखडे उठत. संध्याकाळी खोबरेल लावताना ती ते मोजत नसे, मी मोजायचो.

नाताळच्या सुमारास पहिली बोरं पिकत. संक्रांतीनंतर शेजारच्या सुना बोरन्हाणासाठी मागायला येत. पदर भरल्याशिवाय आत्यानं कुणाला पाठवलं नाही.

ती गेली आणि घराच्या वाटण्या झाल्या. खोल्यांचे हिस्से पडले, अंगणाचे पडले, बोरीचं नाव कुणी काढलं नाही. ज्यांनी तिच्या हातची बोरं खिसे भरून नेली, त्यांच्यापैकी एकालाही वैशाखात परसात डोकावावंसं वाटलं नाही, हे माझ्या मनातून अजून जात नाही. बऱ्याच वर्षांनी मी गेलो तेव्हा झाडाची जाळी झालेली. शेंड्याला बांडगूळ, आत ऊन नाही, पानांवर भुरी, बोरं वाटाण्याएवढी आणि किडकी. घरातलं एक माणूस म्हणालं, तोडूनच टाकू. 1975च्या कायद्यानं शहरात झाड तोडायला परवानगी लागते. मरू द्यायला मात्र कुणाचीच लागत नाही.

मी छाटणीची परवानगी काढली आणि वैशाखात करवत घेऊन आलो. बांडगूळ नुसतं ओरबाडून जात नाही, त्यानं जिथं मूळ रोवलं त्याच्या खालून फांदी घ्यावी लागते. जड फांदीला आधी खालून काप द्यायचा, मग वरून. नाहीतर ती मोडताना खोडाची साल सोलून नेते. जखमांना बोर्डो पेस्ट लावली: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी, या प्रमाणात. अडलो एकाच फांदीशी. आत्या तिला आपली टोपली अडकवायची. दोरीचा घट्टा सालीवर तसाच होता. ती फांदी आतून पोकळ होती आणि सगळा मधला भाग तिच्याच सावलीत गेलेला. खूप वेळ हात फिरवला आणि कापली. आत्यानं ती माझ्याआधीच कापली असती. तिला टोपली कुठेही अडकवता आली असती. झाड आंधळं झालेलं तिला चाललं नसतं.

पावसानं फुटवे फुटले. बाहेरच्या अंगाला वाढणारे जोमदार तेवढे ठेवले, बाकीचे खुडले. भाद्रपदानंतर बारीक पिवळट फुलं आली, आणि थंडीत बोरं. फार नव्हती, पण भरलेली होती.

आता ज्या फांद्यांनी ती दिली त्याही येत्या वैशाखात आखूड करायच्या आहेत. बोरीचं हे काम एकदा करून संपत नाही. तिला आठवण काढणाऱ्यांचा उपयोग नाही, दरसाल कुणीतरी यावं लागतं. खोल्या ज्यांच्या त्यांनी सांभाळाव्यात. वैशाखात चौकला मी येणार, आणि धाकट्या भाचीला कोयता धरायला शिकवणार.