ग्रिलच्या घशात अडकलेला घास

'पेलेट ग्रिल' म्हटलं की ऑफिसमधल्या अर्ध्या लोकांच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतली हिरवळ येते. बर्म्युडा घातलेले एक काका, हातात चिमटा, बाजूला कुत्रा. उरलेल्या अर्ध्यांना हे काय प्रकरण आहे, तेच माहीत नसतं. दोघांसाठीही फंडा थोडक्यात सांगते. लाकडाचा भुसा जबरदस्त दाबाखाली दाबून त्याच्या पेन्सिलीएवढ्या जाड कांड्या करतात, त्या पेलेट. या कांड्या एका पेटीत ओतायच्या. पेटीच्या तळाशी एक लांब स्क्रू असतो. छोटी मोटर तो सावकाश, मिनिटाला दोन-तीन फेरे या हिशेबाने फिरवते आणि कांड्या थोड्या थोड्या करून जाळाच्या वाटीत पडतात. पंखा वारा घालतो, टेंपरेचर हवं तेवढं राहतं. म्हणजे घास भरवणारी आई आणि फुंकणी मारणारी आजी एकाच डब्यात! अमेरिकेत ऑरेगनच्या जो ट्रेगर यांनी १९८६ मध्ये याचं पेटंट घेतलं.

माझ्या मामेभावाने, दादाने, हेच ग्रिल भंडारा जिल्ह्यात नेलं. हिंजवडीतली नोकरी सोडून तो साकोलीजवळच्या गावी परतला, प्रॉव्हिडंट फंड मोडला, नागपूरच्या एका वर्कशॉपमधून ग्रिल बनवून घेतलं आणि नागपूर-रायपूर हायवेला स्टॉल टाकला. मामांना हे पटलं नव्हतं. नोकरी लागली तेव्हा त्यांनी गावभर पेढे वाटले होते, आता लोक विचारतात त्याला काय सांगायचं? तेव्हापासून दोघांमध्ये 'जेवलास?' आणि 'हो' एवढंच चालायचं. गंमत म्हणजे मामा स्वतः छब्बीस वर्षं राईस मिलमध्ये बॉयलरवर होते.

भंडारा म्हणजे धानाचा जिल्हा. शंभर किलो धान भरडलं की सुमारे वीस किलो भुसा निघतो. उसना तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये धान उकडायला लागणारी वाफ याच भुशावर तयार होते. त्यामुळे पेलेटची आयडिया दादाला तिथे सुचावी यात नवल काही नाही. पेलेटवर स्वयंपाक ही गोष्टही आपल्याकडे नवी नाही. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या संशोधनातून 'ऊर्जा' नावाची शेगडी तयार झाली आणि ब्रिटिश पेट्रोलियमने २००६ मध्ये ती बाजारात आणली. महाराष्ट्रातही आली, एकूण चार लाखांच्या आसपास विकल्या गेल्या. पुढे कच्चा माल महागला, पेलेट परवडेनात आणि घराघरांतल्या शेगड्या कोपऱ्यात गेल्या. शेगडी ठणठणीत, पण तिला घासच मिळेना.

मी गेले ते मंडईसाठी. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते. पाहुणे येतात, रात्री दंडार नाहीतर नाटक, आणि खाण्यापिण्याची चंगळ. दादाने ऐंशी प्लेटची तयारी केली होती. मामा तलावातला रोहू आणि चिकन. (मामा तलाव म्हणजे माझ्या मामांचा नव्हे! माजी मालगुजारी तलावांना तिकडे लाडाने तसं म्हणतात.) त्याहून महत्त्वाचं म्हणजे हायवेवरचा एक हॉटेलवाला ग्रिल बघायला येणार होता. पसंत पडलं तर अख्ख्या लग्नसराईचं काम. कोळशावर भाजून मासे खपवता आले असते, पण त्याला बघायचं होतं ते मशीन.

आणि सकाळी नऊ वाजता मशीनने खाणं सोडलं.

पेटी भरलेली, पंखा चालू, दिवा चालू. जाळाच्या वाटीत मात्र काहीच पडेना. दादाने आधी वरचं बघितलं. कधीकधी स्क्रूच्या डोक्यावरचे पेलेट खाली जातात आणि आजूबाजूचे एकमेकांना धरून कमान करून बसतात. वरून पेटी भरलेली दिसते, आत पोकळ. काठीने ढवळलं की सुटतं. तसं काही नव्हतं. वर्कशॉपला फोन केला तर माणूस चार दिवसांनी येणार. चौकातल्या गॅरेजचा पोरगा आला, कान लावून म्हणाला, मोटर गेली. दादा पायरीवर बसला. त्याचा तो चेहरा मी अप्रेझलच्या दिवशीही पाहिला नव्हता.

ओसरीवर मामा पेपर वाचत होते. पान न उलटता म्हणाले, "मोटर कुठं गेली बे? मोटर फिरून रायली. स्क्रू नाही फिरत."

मग उठले. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्या ग्रिलजवळ गेले.

आधी प्लग काढायला लावला, जाळाची वाटी गार होऊ दिली आणि सगळे पेलेट पोत्यात उपसले. मोटरचा दांडा आणि स्क्रू यांना जोडणारा एक बारका बोल्ट असतो. तो मधोमध तुटला होता. ट्रॅक्टरच्या रोटाव्हेटरला असतो तसाच शिअर बोल्ट. बांधीत धुरा लागला की आधी तोच तुटतो, मग गिअर वाचतो. गॅरेजच्या पोराने खिशातून एक कडक हाय टेन्साइल बोल्ट काढला. "हा टाका काका, जन्मात तुटनार नाही." मामांनी तो त्याच्या हातात परत ठेवला. "हा नाही तुटला तं मोटर तुटन. मऊ बोल्ट आन."

पण तो तुटला काहून, हा खरा प्रश्न होता. मामांनी पाइप पान्यात स्क्रूचं टोक धरलं. जागचा हलेना. मग पोत्यातला एक पेलेट उचलून दोन बोटांत वाकवला. चांगला पेलेट 'टक्' करून तुटतो. हा गूळ मोडावा तसा मुकाट मोडला. ऑक्टोबरच्या पावसात पोती पडवीत जमिनीवर होती. पेलेटला पाणी चालत नाही, ओल लागली की तो फुगतो आणि पुन्हा भुसा होतो. तोच भुसा स्क्रूच्या नळीत दाबला गेला, जाळाच्या उष्णतेने वाळला आणि सिमेंटसारखा बसला.

पुढचे अडीच तास मी बॅटरी धरून उभी होते. वाटी काढून नळीचं तोंड मोकळं केलं. सायकलचं स्पोक वाकवून पुढून खरवडायचं, मागून स्क्रू उलटा फिरवायचा. एक घर पुढे, दोन घरं मागे. दादा म्हणाला, थोडं पाणी सोडू का? मामांनी नुसतं बघितलं. पाण्याने तर हे झालं! तेलही नको, तिथेच पुढे जाळ पेटायचा आहे. साडेबाराला स्क्रू बाहेर आला. सोबत हातभर भुशाचा दांडका.

वाटी हातात घेऊन मामांनी तिच्या भोकांवरून बोट फिरवलं. अर्धी राखेने बुजलेली. "धानाच्या भुशाचे पेलेट टाकतेस नं यात?" दादा गप्प. आपल्या जिल्ह्याचा भुसा, आपलंच इंधन, हे त्याचं आवडतं वाक्य. बोर्डावरही लिहिलंय. पण धानाचा भुसा जाळला की पाचवा हिस्सा राख उरते आणि ती बहुतेक सगळी सिलिका, म्हणजे वाळूची सख्खी बहीण. ती वाटीची भोकंही बुजवते आणि स्क्रूही झिजवते. चांगल्या लाकडी पेलेटची राख शंभरात एखादा भाग. मिलच्या बॉयलरची राख ओढायला माणूस ठेवलेला असतो. या डब्यात कोण ओढणार? मामांनी हे ओरडून नाही सांगितलं. पाना पुसत, छब्बीस वर्षं रोज करत आलेल्या कामाबद्दल बोलावं तसं सांगितलं, आणि दादाने मध्ये एकदाही 'तुम्हाला नाही कळणार' म्हटलं नाही. शेवटी ठरलं ते असं: ग्रिलला लाकडाचेच पेलेट, तेही रंग-पॉलिश न लागलेल्या लाकडाचे. धानाच्या भुशाचे चहाच्या भट्टीला, जिथे खालून राख ओढता येते. बोर्ड तसाच राहू दे म्हणाले.

नवा बोल्ट बसवून स्क्रू आधी रिकामाच फिरवून बघितला. मग मूठभर कोरडे पेलेट टाकले. पहिली कांडी वाटीत पडायला बराच वेळ लागतो, कारण आधी अख्खी नळी भरावी लागते. घाईघाईत वाटीत ढीग झाला असता तर पेटवल्यावर भडका उडाला असता, म्हणून जास्तीचे मामांनी चिमट्याने उचलून काढले.

संध्याकाळी हॉटेलवाला आला. ग्रिलपेक्षा त्याने मामांनाच जास्त प्रश्न विचारले. बंद पडलं तर काय? कोण दुरुस्त करणार? मामा म्हणाले, "मी हाव नं." दादा मासे उलटत होता, त्याचा चिमटा क्षणभर थांबला. आठ लग्नांचं काम मिळालं, बाकीच्यांचं 'बघू' आहे.

पोती आता धानाच्या कोठीत, फळ्यांवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून असतात. मामांनी हार्डवेअरच्या दुकानातून मऊ बोल्ट डझनभर आणले. एक ग्रिलमध्ये आहे, उरलेले अकरा त्यांच्या बंडीच्या खिशात. दादाने स्टॉलवर ठेवायला मागितले तर म्हणाले, "तुटला का सांग. येतो."